राखणदाराची राखण

गोमंतकातील गावागावांत राखणदाराचे स्थान असते. कुठे वडाच्या बुंध्याशी, कुठे कुळागराच्या बांधावर, तर कुठे दोन वाड्यांच्या सीमेवर. रात्री तो गावाची राखण करतो, वाट चुकलेल्यास घरापर्यंत आणून सोडतो, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या श्रद्धेवर भाष्य करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्यात एक व्यवहारही दडलेला आहे, आणि तो असा की राखणदार गावातल्या प्रत्येकाला ओळखतो व गावही त्याला ओळखते. अलीकडच्या वर्षांत आमच्या घरांच्या कोनवाशांवर, दुकानांच्या फळ्यांवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर एक नवा राखणदार येऊन बसला आहे. काळ्या वाटोळ्या भिंगाचा हा राखणदार रात्रंदिवस डोळा मिटत नाही, पगार मागत नाही आणि रजाही घेत नाही. पण तो कोणालाही ओळखत नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून आपल्याखेरीज आणखी कोण पाहत आहे, हे पुष्कळदा खुद्द घरधन्यालाही ठाऊक नसते. म्हणूनच इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेल्या या कॅमेऱ्यांविषयी चार गोष्टी स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

लोक कॅमेरे का बसवतात हे समजण्यासारखे आहे. बार्देशात काय किंवा सालसेतमध्ये काय, वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद असणारी घरे थोडी नाहीत. मुले आखातात, मुंबईत किंवा इंग्लंडमध्ये. चतुर्थीला किंवा नाताळला घर उघडायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. काही घरांत वृद्ध आईवडील एकटे राहतात. बाजारपेठेत पाहावे तर गल्ल्यावर बसणारा मालक एक आणि दालने तीन. अशा वेळी एका चांगल्या मोबाईलच्या किमतीत चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळत असेल, आणि दूरदेशी बसून आपल्या घराची पायरी पाहता येत असेल, तर त्याचा मोह कोणाला पडणार नाही? हा मोह चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण घेणारा बहुधा किंमत आणि मेगापिक्सल एवढेच विचारतो. विकणाराही तेवढेच सांगतो. जे विचारायला हवे ते दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

पूर्वीच्या कॅमेऱ्यातून एक तार निघे आणि ती खोलीतल्या रेकॉर्डरपाशी संपे. चित्र पाहायचे तर त्या खोलीत जावे लागे. १९९६ साली स्वीडनमधील ॲक्सिस या कंपनीने संगणकाच्या जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि तेथून हा प्रकार बदलला. आजच्या नेटवर्क कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक छोटा संगणकच असतो. जाळ्यावर त्याला स्वतःचा पत्ता असतो, त्याच्यात स्वतःचे सॉफ्टवेअर असते आणि आज्ञा घेण्याची व पाळण्याची शक्ती असते. त्याचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका गोष्टीतून निघतात. ज्या वाटेने मालक कुवेतहून आपल्या घरात डोकावतो, ती वाट इतरांसाठी आपोआप बंद नसते. ती बंद करावी लागते.

प्रथम निवडीविषयी. कॅमेरा घेण्यापूर्वी, त्याच्याकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे कागदावर लिहून काढावे. कोणीतरी आले एवढे कळले म्हणजे पुरे, की आलेल्याचा चेहरा ओळखू यायला हवा? या दोन अपेक्षांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. अनोळखी माणसाचा चेहरा निश्चितपणे ओळखता यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीमागे सुमारे २५० पिक्सल असावेत, असा या क्षेत्रात रूढ असलेला दंडक आहे. चार मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचे चित्र २५६० पिक्सल रुंद असते, म्हणजे त्याच्या आवाक्यात दहा मीटर रुंदीचे दृश्य येते तेथवरच चेहरा खात्रीने ओळखेल. दुकानदार सर्रास देतात ते २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद पाहते. त्यातून चार मीटरवरचा माणूस नीट ओळखू येतो. दहा मीटरवरच्या फाटकाशी तोच माणूस गेला की मीटरमागे शंभराच्या आसपास पिक्सल उरतात आणि चेहऱ्याचा ठिपका होतो. त्या फाटकासाठी सहा मिलिमीटरचे अरुंद भिंग हवे. अंगण, फाटक, गाडी आणि रस्ता हे सर्व एकाच कॅमेऱ्यात यावे असा हट्ट धरणाऱ्याला सर्व काही दिसते आणि काहीच ओळखू येत नाही.

जागेचेही तसेच. चोराचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा छपराला लावला की चोराची टोपी तेवढी दिसते. निदान एक कॅमेरा प्रवेशाच्या वाटेवर माणसाच्या डोक्याच्या थोडाच वर असावा. दुकानाच्या आतून दाराकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात बाहेरच्या उन्हामुळे आत येणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर दिसतो. उजेड आणि सावली दोन्ही सांभाळण्याची सोय त्यात आहे की नाही, हे भर दुपारी लावून पाहूनच ठरवावे. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही. तेथे केबलच टाकावी. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याची सोय आता सर्वत्र मिळते आणि ती केबल शंभर मीटरपर्यंत चालते.

आमच्या किनाऱ्याची हवा हा तर स्वतंत्र विषय आहे. खारे वारे स्क्रू आणि पट्ट्या गंजवतात. म्हणून यंत्राइतकेच ध्यान त्याच्या खिळ्यापट्ट्यांकडे द्यावे आणि त्या स्टेनलेस स्टीलच्या मागाव्यात. पावसापासून बचावासाठी आयपी ६६ किंवा ६७ हा दर्जा पाहावाच, पण पाणी बहुधा कॅमेऱ्यात शिरत नाही, केबलच्या जोडात शिरते. तो जोड उघडा लोंबकळत ठेवणाऱ्या कारागिराला पुन्हा बोलवावे. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि भिंगासमोरचे त्याचे जाळे वाऱ्याने हलले की रात्रभर मोबाईलवर इशारे वाजत राहतात. आठ दिवसांत मालक कंटाळून इशारेच बंद करून टाकतो, आणि चोर नवव्या दिवशी येतो. पंधरवड्यातून एकदा केरसुणी फिरवणे हाही या यंत्राच्या वापराचाच भाग आहे. ज्येष्ठ-आषाढात वीज जाते आणि गडगडाटात उपकरणे जळतात. तेव्हा राउटर आणि रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकटा कॅमेरा जागा असून उपयोग नाही.

आता साठवणीचे गणित. सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने सतत चित्रण केले, तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा खातो. चार कॅमेरे १७३ गिगाबाइट. दोन टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते, आणि भरली की रेकॉर्डर सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागतो. नव्या पद्धतीच्या संक्षेपाने वेग निम्म्यावर आणला तर तेवीस दिवस मिळतात. दुकानाला हे पुरेल. पण ज्या घराचे कुलूप चतुर्थीलाच उघडायचे, तेथे मृगाच्या पावसात झालेली चोरी भाद्रपदात उघडकीस येते, तोवर तिचे चित्रण दहादा पुसले गेलेले असते. कुलूपबंद घरासाठी सतत चित्रण न करता हालचालीपुरते चित्रण करावे आणि दर आठवड्याला कोणीतरी ते खरोखर पाहावे. दुसरी गोष्ट रेकॉर्डरची. तो टीव्हीखाली दिमाखात मांडून ठेवण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. घरात शिरलेला चोर दागिन्यांबरोबर तोही उचलून नेतो. त्याची जागा कुलपाच्या कपाटात हवी, आणि शक्य तेथे कॅमेऱ्यातही एक स्वतंत्र मेमरी कार्ड असावे.

इतके सारे केले, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. या डोळ्यातून पाहणार कोण?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेच्या पूर्व भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. हल्ला झाला होता तो त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर, आणि हल्ला करणाऱ्या फौजेत होते जगभरचे घरगुती कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर. मिराई नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने त्यांना वेठीस धरले होते. त्यासाठी त्याला काही मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून येतानाच दिलेली सुमारे साठ नावे आणि पासवर्ड यांची यादी घेऊन तो दारोदार फिरला, आणि मालकांनी ते पासवर्ड बदललेच नव्हते. मूळ प्रोग्राम लिहिणारे तिघे तरुण होते; २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले.

हे दूर देशीचे झाले. जवळचे उदाहरण अधिक विदारक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातील तपासणीच्या खोलीतले, स्त्री रुग्णांचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. पकडल्या गेलेल्यांत लातूर आणि सांगली भागांतले तरुण होते, हे आम्हां मराठी माणसांना खाली मान घालायला लावणारे आहे. रुग्णालयाच्या यंत्रणेचा पासवर्ड कोणालाही सुचावा असा सोपा होता, असे तपासाविषयीच्या वृत्तांत आले. चोरणारे गुन्हेगार आहेतच. पण ज्या खोलीत रुग्ण वस्त्र बाजूला करते त्या खोलीत कॅमेरा लावावा असे ज्याला वाटले, त्याचा दोष कोणत्या यंत्राच्या माथी मारायचा? सुरक्षिततेच्या नावाने लावलेल्या कुंपणाने येथे शेत खाल्ले.

शिवाय चोर नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. चित्रण दूरच्या कंपनीच्या संगणकावर साठवले की ते त्या कंपनीच्या नोकरांच्या सचोटीवर अवलंबून राहते. २०२३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रिंग या कंपनीवर, तिच्या नोकरांना व कंत्राटदारांना ग्राहकांची खाजगी चित्रणे पाहता येत होती, असा आरोप ठेवला, आणि ५८ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटले. त्याआधी मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत काही परक्यांना पोचता आले. त्यांत इस्पितळे होती, तुरुंग होते, शाळाही होत्या. एक किल्ली हाती लागली आणि सगळी दारे उघडली.

यावरचे उपाय फार अवघड नाहीत. कंटाळवाणे तेवढे आहेत. कॅमेरा, रेकॉर्डर आणि मोबाईलवरचे ॲप या तिघांचेही पासवर्ड पहिल्याच दिवशी मालकाने स्वतः बदलावेत, आणि ते बसवणाऱ्या कारागिराला सांगू नयेत. शंभर घरांत एकच पासवर्ड ठेवणारे कारागीर आहेत. त्यांना ते सोयीचे असते, चोराला त्याहून सोयीचे. ॲपला दुहेरी पडताळणी असेल तर ती चालू करावी. घरातले संगणक आणि मोबाईल ज्या वायफायवर आहेत, त्यावर कॅमेरे ठेवू नयेत. पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय बहुतेक राउटरांत असते, ते त्यांना द्यावे. बाहेरून चित्र दिसावे म्हणून राउटरची दारे थेट इंटरनेटवर उघडी टाकण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. यंत्राचे सॉफ्टवेअर वेळोवेळी सुधारून घ्यावे, आणि खरेदीच्या वेळीच ‘या यंत्राला किती वर्षे सुधारणा मिळतील?’ असे विचारावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून स्वस्तही घेऊ नये. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून, कॅमेऱ्यांच्या हार्डवेअरची, सॉफ्टवेअरची आणि जाळ्यावरील सुरक्षिततेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक केली, आणि एप्रिल २०२५ पासून ती अमलात आली. ग्राहकाने हा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. त्यापूर्वी भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांना मात्र या नियमाचा आधार नाही. त्यांची काळजी मालकालाच घ्यावी लागेल.

तंत्राची बाजू येथे संपते आणि शिष्टाचाराची सुरू होते. एप्रिल २०१५ मध्ये कांदोळीच्या एका नामवंत वस्त्रदालनात, तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्र्यांनी, कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने रोखलेल्या कॅमेऱ्याविषयी तक्रार केली आणि देशभर गदारोळ झाला. तक्रार करणाऱ्या मंत्री होत्या म्हणून ती ऐकली गेली. एखाद्या दुकानातली विक्रेती, घरकाम करणारी बाई किंवा भाड्याच्या खोलीतली विद्यार्थिनी असती तर? मालकाला आपल्या मालमत्तेवर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे. पण कामाला ठेवलेला माणूस ही मालमत्ता नव्हे. कॅमेरा आहे हे त्याला कामाच्या पहिल्या दिवशी सांगावे, दारावर ठळक अक्षरांत लिहावे, आणि तो जेथे जेवतो, विसावतो, कपडे बदलतो तेथे भिंग फिरवू नये. गल्ल्यावरचा कॅमेरा नोटा मोजताना पाहो. गिऱ्हाईक मोबाईलवर किंवा कार्डयंत्रावर गुप्त क्रमांक दाबते तो त्याला दिसता कामा नये. पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या गोमंतकीयांनी तर विशेष सावध राहावे. एअरबीएनबी या कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून अशा घरांच्या आत कॅमेरे ठेवण्यास सरसकट मनाई केली आहे.

कायदाही आता मुका राहिलेला नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली एखाद्याच्या खाजगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीविना टिपणे किंवा पसरवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, एका घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशांच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय दिला. सामाईक वाड्यांचे आणि वडिलोपार्जित घरांचे वाद आमच्याकडे किती आहेत, हे येथल्या वाचकांस सांगायला नको. वाटणीच्या खटल्यात कॅमेरा हे नवे हत्यार करू पाहणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

पुराव्याविषयी एक सूचना. कॅमेऱ्यात दिसले म्हणजे न्यायालयात सिद्ध झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की काय, हा वाद सरकारी कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. ते चित्रण सरकारी असूनही, त्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वादी पक्षाला वारंवार हेलपाटे घालावे लागले. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले जात नसेल तर असे प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही ती अट आहे. म्हणून घटना घडताच मोबाईलवर आलेली तुकडा-तुकडा चित्रे व्हॉट्सॲपवर फिरवत बसू नये. रेकॉर्डर बंद न करता मूळ चित्रण वेगळे काढून घ्यावे, पोलिसांकडून पंचनामा करून घ्यावा, आणि यंत्रातले घड्याळ बरोबर चालते ना, हे दर महिन्याला पाहावे. अर्ध्या तासाने मागे असलेले घड्याळ खऱ्या चोराला सोडवते आणि कधी भलत्यालाच गुंतवते.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. मध्यरात्री दोन वाजता म्हापशाजवळच्या एका बंद घराच्या अंगणात कोणीतरी शिरले आणि आखातातल्या मालकाचा मोबाईल वाजला, असे समजा. यंत्राने आपले काम चोख केले. पुढे काय? तो मालक फोन करणार कोणाला? पोलिसांना करील, त्यांना पोचायला वेळ लागेल. त्याच्या आधी खिडकी उघडून ‘कोण तो?’ असे विचारणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे शेजारी. आणि पुष्कळ ठिकाणी आम्ही असे पाहतो की कॅमेरा बसवताना पहिला रोख त्या शेजाऱ्याच्याच अंगणावर, त्याच्या विहिरीवर, त्याच्या सोप्यावर धरलेला असतो. त्यावरून बोलाचाली होते, बोलणे तुटते, आणि ज्याच्या भरवशावर सारी यंत्रणा उपयोगी पडायची तोच माणूस आपण गमावून बसतो. चित्रातला शेजाऱ्याचा भाग काळा करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती वापरावी, आणि त्याला बोलावून मोबाईलवर तो काळा भाग दाखवावा. चहाच्या एका कपात हे काम होते.

सरकारकडून आमची मागणी माफक आहे. कॅमेरे बसवणाऱ्या कारागिरांना परवान्याचे आणि प्रशिक्षणाचे बंधन असावे. पासवर्ड ग्राहकाच्या हाती सोपवल्याची लेखी पावती त्यांनी द्यावी. रुग्णालये, वसतिगृहे आणि वस्त्रदालने यांतील कॅमेऱ्यांच्या जागांची आरोग्य व पोलीस खात्यांनी अचानक तपासणी करावी. पंचायतींनी गावाच्या चव्हाट्यावर कॅमेरे लावताना ते चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. बाकीचे काम घरधन्याचे आहे. राखणदार ठेवला म्हणजे राखण झाली असे समजून झोपी जाणाऱ्याचे घर कोणत्याही काळात सुरक्षित राहिलेले नाही.